बुटाखालची सावली

त्या सकाळी घरातली सगळ्यात मोठी अडचण काय होती म्हणाल, तर एक बूट हवेत तरंगत होता.

चित्रातला बूट. नातीनं आठ दिवस खपून तो पेन्सिलीनं काढला होता. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी कोपऱ्यात शेरा मारून परत पाठवला होता : 'टाका न् टाका काढलास, शाब्बास. पण बुटात वजन नाही. खाली सावली नाही. असा बूट जमिनीवर उभा राहील का?'

नात जेवणाच्या टेबलाशी बसून त्या कागदाकडे डोळे वटारून बघत होती. पेन्सिलीचं मागचं टोक कुरतडायची तिची सवय. म्हणून घरात तिला सगळे खारूताईच म्हणत.

"आजी, तू सांग. हा स्नीकर खरा वाटतो का?"

आजी चष्मा नाकावर ढकलून वाकली. "दुकानातला वाटतो गं. काचेमागचा."

"म्हणजे वाईट?"

"वाईट कशाला? अजून कुणाच्या पायात गेला नाही, एवढंच."

खरा बूट जोडीदारासकट खिडकीखाली वर्तमानपत्रावर मांडलेला होता. करडा, जाळीचा, जाड पांढऱ्या तळव्याचा. आजोबांची ती जोडी नातीनंच हट्टानं घ्यायला लावलेली. उजव्या बुटाची जाळी अंगठ्यापाशी फाटली, तेव्हा आजीनं तिथं पांढऱ्या दोऱ्यानं चौकडीचं रफू केलं होतं. नातीला आधी त्याची लाज वाटायची. चित्र काढायला बसल्यावर मात्र तिला तीच जागा सगळ्यात आवडायला लागली.

"आजोबा आले," नात कुजबुजली. "आले माझं मॉडेल पळवायला."

आजोबा शाल पांघरून दारात उभे होते. त्यांनी चाळीस वर्षं घरोघरी पत्रं वाटली होती. आता दोन वर्षं झाली, त्यांच्या मनातून एकेक गोष्ट निघून चालली होती. आधी नावं गेली, मग वार. मग एका सकाळी बोटांना नाडी कशी बांधायची ते आठवेना. नाड्या हातात धरून ते हरवलेल्या लेकरासारखे बसून राहिले होते. त्या दिवसापासून आजीनं नेम धरला होता. हे बाहेर पडायच्या आधी नाड्या आपण बांधायच्या, दुहेरी गाठ मारायची, गाठ आवळताना देवाचं नाव घ्यायचं आणि आपण चपला घालून येईपर्यंत त्यांना तिथंच बसवायचं. तापातही तिनं तो नेम मोडला नव्हता.

"मी काय भाजीची जुडी आहे, रोज बांधतेस ती?" आजोबा म्हणायचे. आणि पाय पुढे करायचे. टाच जमिनीला टेकवून, चवडा जरासा उचलून. ती हसायची.

त्या दिवशीही त्यांनी बूट चढवले. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन पाय पुढे केला. आजी चादर धूत होती, हात कोपरापर्यंत साबणात.

"थांबा जरा," ती म्हणाली. "हात ओले आहेत."

एवढंच. पिळून झालेली चादर बादलीत टाकून ती वळली, तेव्हा दारात कुणी नव्हतं. बाहेरचं दार उघडं होतं आणि धुकं पायपुसण्यापर्यंत आत आलं होतं.

"खारू, आजोबा कुठं गेले?"

"तुझ्याकडेच आले होते ना?"

आजी तशीच रस्त्यावर धावली. हाक मारली, आणि ती हाक कापसात घातल्यासारखी तिथंच जिरली. समोरचा दिव्याचा खांबसुद्धा दिसत नव्हता. कोपऱ्यापर्यंत जाऊन ती परतली, ती दोन्ही हातांवर साबण वाळलेला घेऊन.

नऊ वाजेपर्यंत तिचा मुलगा एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला शोधायला गेली होती. पोलीस चौकीतला हवालदार घरी येऊन बसला होता. मिशा पिकलेला, हळू बोलणारा माणूस. त्यानं कपडे लिहून घेतले. मग विचारलं, "पायात काय होतं?"

"बूट. पण नाड्या सुट्या होत्या हो..." आजी म्हणाली.

"बुटांचा फोटो आहे?"

सगळे फोटो छातीपर्यंतचेच होते. पायांचा फोटो कोण काढून ठेवतं?

"आजी, शाल वाटेत गळून पडते. टोपी पडते," हवालदार म्हणाला. "पायातले बूट शेवटपर्यंत राहतात. लोकही खाली बघत चालतात, धुक्यात तर जास्तच. बूट ओळखले तर माणूस सापडतो. रात्री फार गारठा पडतोय सध्या. अंधार व्हायच्या आत आजोबा मिळायला हवेत."

नातीनं चित्र पुढे सरकवलं. हवालदारानं ते बराच वेळ पाहिलं. "छान आहे बाळ. पण असे बूट शंभर असतील. ह्यांचाच वाटला पाहिजे. जमेल? तासाभरात फोटो पाठव माझ्या फोनवर."

तो गेला. नातीनं पेन्सिल उचलली आणि खिडकीखालच्या रिकाम्या वर्तमानपत्राकडे बघितलं. "आजी, समोर बूटच नाही. काय बघून काढू?"

आजीनं देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि मग खुर्ची ओढून नातीला लागून बसली. "मी सांगते. रोज माझ्या हातात असतो तो. तू काढत जा."

तिनं डोळे मिटले आणि हात मांडीवर असे धरले, की जणू त्यात खरंच ते पाऊल होतं. "टाचेची बाहेरची कड झिजलीय बघ. टपालाची थैली जन्मभर उजव्या खांद्यावर, सगळा भार त्या अंगावर. पुढे चवड्यापाशी दोन वळ्या आहेत, एक खोल, एक हलकी. आतल्या बाजूला हाड आलंय त्यांचं, तिथं जाळी ताणली गेलीय. जीभ डावीकडे सरकते. मी रोज सरळ करते, संध्याकाळपर्यंत पुन्हा डावीकडेच."

नात खोडत होती, काढत होती, बोटानं शिसं पसरवत होती. पांढरा तळवा नुसता पांढरा राहिला नाही, त्यावर भेगा आल्या. जाळीच्या भोकांत अंधार आला. नाडी सपाट पट्टीसारखी होती, ती पिळाची झाली. रफूचा प्रत्येक दोरा दिसायला लागला. शेवटी तिनं तळव्याला चिकटून एक बारीक, गडद रेघ ओढली आणि तिथून सावली डावीकडे पसरवत नेली.

बूट कागदावर टेकला.

दोघींनाही ते जाणवलं. टेबल किंचित कुरकुरल्याचा भास झाला. मघापर्यंत बूट काढलेला होता. आता तो उभा होता, आणि रिकामा नव्हता.

"झाला," नात हळूच म्हणाली. तिनं फोटो काढून हवालदाराला पाठवला. अकरा वाजले होते.

आजी पाणी आणायला उठली. परत आली तेव्हा खोलीत वास येत होता. ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा, भिजलेल्या लोकरीचा. खिडक्या तर बंद होत्या.

"आजी..." नात खुर्ची मागे सरकवून उभी होती. "मी हात नाही लावला... देवाशप्पथ."

चित्रातली गाठ सुटली होती.

नाडीची दोन्ही टोकं तळव्यावरून खाली आली होती आणि एक टोक बुटाच्या पुढे, चवड्याखाली जाईल असं पडलं होतं. नातीनं फोनवरचा फोटो उघडला. फोटोत गाठ होती. दुहेरी, घट्ट, तिनं काढली होती तशी. फोटोत सावलीही एकच होती.

कागदावर दोन होत्या.

एक बुटाची, डावीकडे. दुसरी बुटाच्या मागून येत होती, लांबट, फिकी. नातीनं ती काढली नव्हती. बुटाची असती तर तिचं टोक गोल असतं. ह्या सावलीला पाच बोटं होती.

नातीनं खोडरबर घासला. कागद चुरगळला, सावली तशीच. "आजी, हे कुणाचं पाऊल आहे? आजोबांच्या मागे कोण आहे...?"

आजीचे ओठ नामजपात हलत होते. भीती तिलाही वाटत होती. पण तिची नजर त्या बोटांवर नव्हती. ती नाडीच्या टोकाकडे बघत होती. पुढचं पाऊल पडलं की ते टोक चवड्याखाली येणार आणि माणूस तोंडावर जाणार.

"पेन्सिल दे," ती म्हणाली.

"तुला कुठं येतं काढायला?"

"काढायला नाही येत. बांधायला येतं."

आयुष्यात तिनं पेन्सिल धरली ती किराण्याची यादी लिहायलाच. सुरी धरावी तशी तिनं ती मुठीत धरली. हातावर अजून सकाळचा साबण होता. तिनं एक टोक वर आणलं, दुसरं त्यावरून नेलं, खालून ओढलं. रेघा वेड्यावाकड्या, जाड. एक फास, दुसरा फास. कागद थंड होता, आणि मधोमध तिच्या बोटाला कागदाखालून कुणी वर दाबल्यासारखं लागलं, पावलाचा उंचवटा लागतो तसं. ती थांबली नाही. गाठ आवळताना तिनं देवाचं नाव घेतलं आणि रोज म्हणायची तेच म्हणाली, "झालं हं. आता इथंच बसा. मी आल्याशिवाय उठू नका."

पेन्सिलीचं टोक मोडलं.

 मग नातीनं सवयीनं कागदावर फुंकर मारली. तळव्यापाशी लाकडाचा एक कुरळा छिलका पडला होता, पेन्सिलीला टोक करताना निघतो तसा. तो उडाला नाही. तिनं नखानं झटकला, तरी हलला नाही. नीट वाकून बघितलं तेव्हा कळलं, तोही शिशानं काढलेला होता. बुटाच्या तळव्याच्या खाचेत अडकलेला.

आजीनं तो पाहिला, आणि तिचा चेहराच बदलला.

"हा पेन्सिलीचा नाही गं! बघ केवढा रुंद आहे. असले छिलके मी वीस वर्षं झाडलेत घरातून. ह्यांच्या बुटातून यायचे, विजारीच्या दुमडीतून यायचे. त्यांच्या फेरीतलं शेवटचं ठिकाण. कालव्याकाठचा लाकडी खोक्यांचा कारखाना!"

"तो तर कधीच बंद पडलाय."

"त्यांना कुठं ठाऊक आहे ते? तुझ्या बाबाला फोन लाव."

मुलानं आधी ऐकूनच घेतलं नाही. "आई, ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे! चार मैल! कुणी सांगितलं तुला?"

"ते मागून विचार. आधी जा. जा रे बाळा..."

ती दिव्यासमोर बसली. ते घरी आले, तर आयुष्यभर नेमात खंड पडू देणार नाही, हात ओले असोत नाहीतर हातपाय मोडलेले असोत, असं तिनं देवाला सांगितलं. दुसरं काही मागितलं नाही. नात तिच्या पाठीला पाठ लावून बसली होती. टेबलाकडे दोघींपैकी कुणीच बघत नव्हतं.

सव्वा वाजता फोन आला. मुलगा रडत होता, त्यामुळे आधी काही कळेना. मग कळलं. सापडले होते. गारठलेले, पण धड. पडक्या कारखान्याच्या मागच्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. चार पावलांवर कालवा. काठाला कठडा नाही आणि धुक्यात पाणी दिसतच नव्हतं.

"आई, हाका मारल्या तरी उठेनात," मुलगा म्हणाला. "म्हणतात, ती आल्याशिवाय उठायचं नाही."

घरी आणल्यावर आजीनं त्यांचे पाय मांडीवर घेतले. उजव्या बुटाची नाडी दुहेरी गाठीत होती, घट्ट. डाव्याची सुटी, चिखलात लोळलेली. चित्र फक्त उजव्याचं होतं. तिनं गाठ सोडली, तेव्हा बोटांना काहीतरी लागलं. पांढऱ्या नाडीवर करडे डाग होते. पुसून बघितले. शिसं.

"कुणी बांधली हो?" तिनं विचारलं.

"कुणी म्हणजे? तूच," आजोबा म्हणाले. "वेडी की काय? तोंड दिसलं नाही धुक्यात, पण हात ओळखणार नाही का मी? साबणाचा वास येत होता."

नात दारात उभी होती. "आजोबा, तुमच्याबरोबर आणखी कुणी होतं?"

"होता की. सकाळी दाराशीच उभा होता. म्हणाला, एक पत्र राहिलंय, चला, घर दाखवतो. एक राहिलं म्हटल्यावर जायला नको? अनवाणी होता बिचारा... सारखा म्हणायचा, पुढे, अजून थोडं पुढे."

"मग?"

"मग ही आली." त्यांनी आजीकडे बोट केलं. "तसा तो गप्प झाला. हिचे हात बघत राहिला. नाडी बांधून होईस्तोवर नुसता बघत राहिला." त्यांनी सुटलेल्या नाडीला बोट लावलं. "त्याला कधी कुणी बांधून दिली नसेल."

दुसऱ्या दिवशी त्यांना ह्यातलं काहीच आठवत नव्हतं.

चित्र मात्र तसंच राहिलं. नातीला ते फाडून टाकायचं होतं. आजी नको म्हणाली. कागदावर ह्यांचं पाऊल आहे, ते कसं फाडायचं? चित्र कपाटात, चादरींच्या खाली गेलं. रोज सकाळी खऱ्या नाड्या बांधून झाल्या, की आजी कपाट उघडून कागदावरच्या गाठीवरून एकदा पेन्सिल फिरवायची. तेव्हा ती दुसरी सावली दिसायचीच. पहिल्या आठवड्यात बोटं बुटाच्या मागे होती. दुसऱ्या आठवड्यात बुटाच्या शेजारी आली. तिसऱ्या आठवड्यात ती वळली. आता बोटं कागद बघणाऱ्याकडे होती, म्हणजे घराकडे.

नात ते पाहून पांढरीफटक पडली. "आजी, तो येतोय!"

"येत असेल." आजी बराच वेळ त्या फिकट बोटांकडे बघत होती. थंडीत बोटं आखडतात तशी ती आखडलेली होती. "खारू, त्याच्यासाठी एक जोड काढशील?"

"काय?"

"पायात काही नाही गं त्याच्या. एवढ्या गारठ्यात. वाईट असता तर ह्यांची नाडी बांधताना बघत उभा राहिला नसता, ढकलून मोकळा झाला असता. कुणीतरी एकटं आहे ते. सोबत शोधतंय. काढ. तुझं चित्र खरं ठरतं, आता आपल्याला माहीत आहे."

नातीनं त्या सावलीच्या पुढ्यात एक जोड काढला. तिनं इतकं घाईनं उरकलं, की वळ्या नाहीत, झीज नाही, तळव्याखाली सावली नाही, काहीच जमलं नाही. नुसते कोरे, नवे बूट. नाड्या तिनं नीट बांधून काढल्या.

"काचेमागचे झाले," ती म्हणाली.

"असू दे. नवेच द्यावेत."

दुसऱ्या सकाळी आजीनं कपाट उघडलं. बोटांची ती सावली नव्हती. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि कागद उजेडात धरला.

नव्या जोडाच्या चवड्यांवर वळ्या पडल्या होत्या, एक खोल, एक हलकी. टाचा झिजल्या होत्या, आतल्या बाजूनं. कुणी वेगळ्याच चालीचं माणूस ते घालून पुष्कळ चाललं होतं. तळव्याखाली सावली होती, गडद, बिनचूक, बाईंनी मागितली होती तशी. टाचा टेकलेल्या आणि चवडे जरासे उचललेले होते. नाड्या दोन्ही सोडलेल्या, सारख्या लांबीच्या, समोर धरल्यासारख्या.

आजीचे हात ओले होते. "थांबा ज..." तिच्या तोंडून निघालं, आणि तिनं जीभ चावली. हात पदराला पुसले, पेन्सिल घेतली आणि देवाचं नाव घेत दोन गाठी बांधल्या. आधी एक, मग दुसरी.

तेव्हापासून तिचा नेम चार नाड्यांचा झाला, दोन ह्यांच्या, दोन त्याच्या. आजोबा खुशाल आहेत. घरात कुणाला काही त्रास नाही, उलट ते बाहेर पडले तरी आता चुकत नाहीत. कोपऱ्यावरून कुणीतरी वळवून आणल्यासारखे परत येतात. कागदावरच्या त्या दोन गाठी मात्र रोज सकाळी सुटलेल्या असतात.

आणि रोज सकाळी केर काढताना आजीला लाकडाचा एक रुंद, कुरळा छिलका सापडतो. आधी तो पायपुसण्यावर असायचा. अलीकडे उंबऱ्याच्या आत असतो.